वर्नाच्या भुवया

वर्नाचं खरं नाव सिकस्रिक. सिकस्रिक म्हणजे बिळात राहणारी खार. उन्हाळाभर बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला चिकचिक करून भंडावून सोडते, तीच. वर्नाच्या आधी हे नाव गावातल्या एका म्हातारीचं होतं. म्हातारी ज्या हिवाळ्यात गेली त्याच हिवाळ्यात वर्ना जन्मली, म्हणून नाव उठलं आणि तिच्याकडे आलं. ती म्हातारी अशी बोलकी की मासे चिरायला बसली की नदीपलीकडच्या बायकांशीसुद्धा गप्पा हाणायची, आणि पलीकडे कोणी नसलं तर हातातल्या माशाशी. तिचं नाव घेऊन आलेली पोर बोलकी निघणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

निघाली ती अशी. जीभ जागेवर, आवाज खणखणीत, चर्चमध्ये गायला लागली की पुढच्या बाकावरची पोरं कानात बोटं घालायची. पण काही विचारलं की उत्तराला नुसत्या भुवया.

"दोघींच्या वाटचं ती एकटीच बोलून गेली," वर्नाची आई म्हणायची. "माझ्या पोरीला एक घोटसुद्धा ठेवला नाही बयेनं." या आईला गावातली लहानथोर सगळी लेनोरा आना म्हणतात. आना म्हणजे आजी. नातवंडं पाच असोत की पन्नास, एकदा आना झाली की ती सगळ्यांचीच.

तसं भुवयांनी बोलण्यात आपल्याकडे, या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात, नवल काही नाही. हो म्हणायचं तर भुवया वर, नाही म्हणायचं तर नाक आक्रसायचं. थंडीत तोंड उघडून दात गार कोणी करून घ्यायचे? पण बाकीची माणसं भुवयांच्या जोडीला चार शब्दही वापरतात. वर्नाने ते चार शब्दही वाचवले.

शाळेत दक्षिणेकडून नवा मास्तर आला होता तेव्हाची गोष्ट. तो खाली मान घालून हजेरी घ्यायचा. "वर्ना?" वर्ना भुवया वर करायची. मास्तर मान वर करायचा नाही. असे कितीतरी दिवस गेल्यावर तो बिचारा बर्फ तुडवत घरी आला.

"तुमची मुलगी शाळेत का येत नाही?"

वर्ना चुलीपाशी बसून सुकं मांस चघळत होती. लेनोरा आनाने तिच्याकडे बोट केलं. "ही काय."

"ही?" मास्तर म्हणाला. "ही तर रोज पहिल्या बाकावर असते! पण मग वर्ना कोण?"

लग्नाचीही तीच तऱ्हा. वेंडेल एकदा नदीकाठी तिच्यासमोर उभा राहिला, हनुवटीने आपल्या नावेकडे खूण केली आणि म्हणाला, "येतेस?" वर्नाने भुवया वर केल्या. तीन मुलं झाली तरी वेंडेल अजून सांगतो, "अरे, मी जाळी ओढायला चल म्हणत होतो!"

मग ही अबोल बाई परक्या माणसांना नदीवर फिरवायच्या धंद्यात कशी शिरली? तर नदीपायी. हिवाळ्यात ती गावातल्या दुकानात गल्ल्यावर बसते आणि दर दोन गिऱ्हाइकांमागे एकदा खिडकीतून गोठलेल्या नोआटाक नदीकडे बघते. बर्फ फुटून वाहायला लागलं की तिला घरात जेवण जात नाही. त्यामुळे नदीच्या मुखाजवळच्या कोत्सेब्यूत सहलींचा धंदा करणाऱ्या ग्रेडीला पाहुण्यांसाठी वाटाड्या हवा आहे असं कळलं तेव्हा ती वल्ही खांद्यावर टाकूनच त्याच्याकडे गेली. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने पाहुण्यांना वर डोंगरांतल्या तळ्यावर सोडायचं, तिथून रबरी नावांतून खाली यायचं, मध्ये मध्ये उतरून डोंगर चढायचे, आणि खाली गोट्यांच्या लांब पट्ट्यावर चाकांचं दुसरं विमान न्यायला येतं. वर्नाला वाटलं, हे काम कसलं, ही तर चैन.

पण पाहुणे परत गेले की ग्रेडीपाशी कुरकुर करायचे. एक बाई म्हणाली, "मी विचारलं, हे पाणी प्यायला चालेल का? तर तुमची गाइड अशा भुवया उडवते, जशी काय मी खुळी!" एक गृहस्थ म्हणाला, "मी म्हटलं, आम्हाला उशीर होतोय का? तर माझ्याकडे बघून नाक मुरडलं तिनं! मी रोज अंघोळ करत होतो हो, त्या बर्फाच्या पाण्यात!"

ग्रेडी दक्षिणेकडून, ऊबदार मुलखातून आलेला. तोंडाने चोवीस तास बोलणारा. या उन्हाळ्यात त्याने वर्नाला धक्क्यावर गाठलं.

"वर्ना, तुझ्यासारखी वल्ही कोणी मारत नाही. पण या खेपेला एक जरी माणूस म्हणाला की ही बोलत नाही, तर पुढच्या उन्हाळ्यापासून तू गोदामात. तंबू धुवायचे, नावांना ठिगळं लावायची. तिथे कोणाशी बोलावं लागत नाही. समजलं?"

वर्नाने भुवया वर केल्या.

"हे! हेच!" ग्रेडी ओरडला.

ते गोदाम म्हणजे धावपट्टीच्या टोकाला असलेली पत्र्याची खोली. खिडकी एकही नाही. नदी सोडा, तिथून पाऊसही दिसत नाही.

लेनोरा आनाने तयारी करून घ्यायचं मनावर घेतलं. टेबलापाशी ताठ बसून, डोक्याला गुलाबी रुमाल बांधून ती म्हणाली, "मी पाहुणी. अगं वर्ना, तो समोरचा डोंगर कुठला गं?"

वर्नाने बराच विचार केला. "डोंगर."

"अगं त्याला नाव असेल ना!"

"आहे."

"मग सांग की!"

"तुला माहीत आहे की."

"मी पाहुणी आहे ना पण!" आनाने रुमाल काढून टेबलावर आपटला. "जा बाई. गोदामात दिवा तरी आहे का, तेवढं विचारून ठेव."

तळ्यावर विमान उतरलं तेव्हा त्यातून चार पाहुणे निघाले. पहिला ड्वेन, दातांचा डॉक्टर. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावलेलं, आणि आता गाठ पडली न उघडणाऱ्या तोंडाशी. मागोमाग त्याची बायको लॉइस, पांढऱ्या केसांची, हसऱ्या डोळ्यांची. तिला ऐकायला फारच कमी यायचं. कानातली यंत्रं पाण्याला भिऊन तिने डबीत बंद करून ठेवली होती आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची तिला सवय होती. मग ट्रूडी आणि मार्लिस, एकाच पोस्टात टपाल वाटणाऱ्या दोन मैत्रिणी. चालायला वाघिणी. खायला त्याहून.

वर्नाने श्वास भरून घेतला. "पाणी," ती म्हणाली आणि तळ्याकडे हात केला.

चौघांनी तळ्याकडे पाहिलं.

"गार आहे," वर्ना म्हणाली, आणि तिला घाम फुटला.

पहिले दिवस असेच गेले. नावा फुगवल्या. पुढच्या नावेत सगळं सामान, लॉइस आणि वल्ह्यांवर वर्ना. मागच्या नावेत टपालवाल्या दोघी वल्ही मारायच्या आणि ड्वेन शेवटाला बसून त्यांना दिशा सांगायचा. कोणी सांगायला सांगितलं नव्हतं, पण सांगायचा. वर्ना दर वळणाला एक शब्द खर्च करायची. "बदक." "वळण." "जुनी छावणी." दुपार होईपर्यंत तिचा दिवसभराचा साठा संपायचा आणि संध्याकाळी चूल पेटवताना ती अशी थकलेली दिसायची की ट्रूडीला वाटायचं, वल्ही जड असतील.

डोंगर चढायचा दिवस आला. आपल्याकडची ती गाठाळ गवताची ढेकळं. वर पाय दिला तर घसरतो, मध्ये दिला तर घोट्यापर्यंत पाण्यात. ड्वेन दोन पावलं चालायचा आणि तिसऱ्याला बसायचा. तरी त्याचे प्रश्न थांबत नव्हते. वर्नाने चढावर श्वास वाचवायचा की शब्द?

"इथे अस्वलं असतात का हो?" ड्वेनने विचारलं.

भुवया वर गेल्या. सवयीने. ड्वेन खूश झाला. "नाही ना? मी म्हटलंच लॉइसला, अस्वलं सगळी किनाऱ्याकडे." आणि तो अंगातली लाल कोपरी काढून ढेकळावर ऐसपैस बसला.

लॉइसने मात्र तेवढ्यात दुर्बीण काढली होती. तिने ती फिरवत फिरवत पलीकडच्या उतारावर आणली आणि नवऱ्याच्या हातात दिली. तिथे एक तांबूस अस्वल ढुंगण वर करून जमीन उकरत होतं. माती उडत होती.

"हे काय आहे?" ड्वेनचा आवाज चिरकला.

"अस्वल," वर्ना म्हणाली. "खारी खणतंय. माझ्या नावाच्या."

"पण तुम्ही तर भुवया उडवल्यात! मला वाटलं, काय वेडगळ विचारतो हा माणूस, असं म्हणताय!"

"मी हो म्हटलं."

"कधी?"

"तेव्हाच."

लॉइस हसायला लागली. "अरे, ती पहिल्या दिवसापासून असंच बोलते. भुवया म्हणजे हो, नाक म्हणजे नाही. मला तर या मुलीचं सगळं ऐकू येतं. तुमच्या तिघांपेक्षा स्पष्ट बोलते."

ड्वेन हसला नाही. लाल कोपरी परत चढवत म्हणाला, "लॉइस, हे चांगलं नाही. ते अस्वल इकडे असतं तर? परत गेल्यावर त्या ग्रेडीला सांगावं लागेल मला."

वर्नाचं जेवण त्या दिवशी आत गेलं नाही. चहा ढवळताना तिला समोर पत्र्याची खोली दिसत होती.

पण ड्वेन माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हातात कप घेऊन आला आणि म्हणाला, "हे बघा, मी बायकोकडून शिकलोय. कॉफी आहे का अजून?" वर्नाने भुवया वर केल्या. "हो!" ड्वेन ओरडला. "माशांचं सूप संपलं का?" वर्नाने नाक आक्रसलं. "नाही! बघ लॉइस, जमतंय!" त्यानंतर त्याला नादच लागला. पाऊस येईल का, हा लांडगा होता का, मी वल्हं बरोबर धरलंय का. वर्नाला हायसं वाटलं. इतके दिवस पाठीवर वाहिलेलं शब्दांचं गाठोडं तिने खाली ठेवलं आणि मजेत भुवयांवर आली.

इथेच घात झाला. वारा पडला आणि डास उठले. नुसते उठले नाहीत, हवेत डासच डास आणि मध्ये थोडी हवा. सगळ्यांनी टोप्यांवरून डासांच्या जाळ्या ओढून घेतल्या. वर्नानेही. आणि जाळीच्या आतून ती आपली बोलतच राहिली, भुवयांनी.

नदीला तिथे फाटे फुटतात. उजवीकडचा खोल, डावीकडचा एका लांबड्या बेटामागे जाऊन गोट्यांत जिरतो. मागच्या नावेतून ड्वेनने हाक दिली, "डावीकडे का?"

वर्नाने मागे वळून नाक आक्रसलं. चांगलं दणकट आक्रसलं, नाही म्हणजे नाही. पण नाकाबरोबर जाळी चुणली आणि वर सरकली.

"भुवया वर!" ड्वेन आनंदाने म्हणाला. "हो म्हणतेय. डावीकडे, बायकांनो, मारा!"

टपालवाल्यांनी मारली. वर्नाने पुढचं वळण घेऊन मागे पाहिलं तर नदी रिकामी.

तिने स्वतःच्या जाळीला हात लावला आणि तिला सगळं कळलं. "अडी," ती म्हणाली. अडी म्हणजे अगं आई गं, पण जरा जास्त.

बेटाच्या शेपटीला नाव लावून तिने दोर झुडपाला बांधला. लॉइसने नुसतं तिच्या हातांकडे पाहिलं आणि तिच्या जाळीला जाळी भिडवून विचारलं, "माझा नवरा डावीकडे गेला?" भुवया. "बुडेल?" नाक. "मग चल. नाहीतर तो तिथे दिशा सांगत बसेल." लॉइसने बुटांचे बंद आवळले आणि दोघी विलोच्या दाट झुडपांत शिरल्या. फांद्या तोंडावर सपासप लागत होत्या, खाली ढेकळं. लॉइस एकदा पडली, उठली, पुन्हा पडली आणि पडल्यापडल्या हसत म्हणाली, "माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरला हे कळलं ना, तर तो मला बिल न पाठवताच मरेल."

झुडपं संपली तशी वर्नाने हात आडवा धरून तिला थांबवलं.

समोर डावा फाटा. त्याच्या मधोमध गोट्यांच्या उंचवट्यावर रबरी नाव बसलेली, आणि नावेत तिघं. ट्रूडी, मार्लिस आणि लाल कोपरीतला ड्वेन. सुखरूप. वर्नाचा जीव भांड्यात पडला, पण पडून पुरता बसायच्या आत पुन्हा वर आला. कारण पलीकडच्या उतारावरून कॅरिबू उतरत होती, आपली ती शिंगाळ रानहरणं.

पुढे चार-पाच पोक्त माद्या, कान टवकारलेल्या. त्यांच्यामागे उतार दिसेनासा व्हावा इतका कळप. पुढच्या माद्या नावेच्या अगदी खालच्या अंगाला पाण्याशी येऊन थबकल्या.

आता हे कोणाला सांगायला नको, की पुढच्यांना आधी जाऊ द्यायचं. त्या बिचकल्या तर मागचा सगळा लोंढा वळतो, वाट सोडतो, आणि मग खालची गावं मांसावाचून आभाळाकडे बघत बसतात. आरडाओरडा करायचा नाही, धावायचं नाही, हातवारे करायचे नाहीत. वर्नाला हे चालायच्या आधीपासून माहीत. ड्वेनला माहीत नव्हतं. तो नेमका वल्हं घेऊन उठत होता, नाव ढकलून काढायला. आणि वल्हं पिवळंजर्द.

ओरडून थांबवावं तर माद्या पळणार. न ओरडावं तर ड्वेन पळवणार. वर्नाने दोन्ही हातांनी जाळी धरली आणि टोपीवर उलटी टाकली.

डासांना आमंत्रण गेलं. कपाळ, पापण्या, नाक, सगळीकडे ते ताटावर बसावे तसे बसले. वर्ना हलली नाही. ड्वेनने तिला पाहिलं. त्याचा चेहरा फुलला, हाक मारायला तोंड उघडलं, आणि वर्नाने नाक असं आक्रसलं की डोळे बारीक झाले. तिच्या शेजारी लॉइसनेही जाळी वर केली आणि नाक आक्रसलं.

दातांच्या डॉक्टरचं तोंड उघडंच राहिलं. मग हळूच मिटलं.

त्याने वल्ह्याकडे डोळे फिरवले, मग वर्नाकडे: ढकलू? नाक. तो अर्धा वाकलेला होता. खालच्या बाकाकडे पाहिलं: बसू? भुवया. तो इंच इंच करत बसला. ट्रूडीने गळ्यातल्या कॅमेऱ्याला एक बोट लावलं: चालेल? भुवया. मार्लिसने मोठे मोठे डोळे केले, कळपाकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं: आम्ही मरणार का? नाक. आणि त्यासोबत वर्नाच्या ओठाचा एक कोपराही हलला, जरासा.

पुढची मादी पाण्यात उतरली.

मग काय सांगावं. नावेच्या एका अंगाने, मग दोन्ही अंगांनी, शिंगांचं रानच्या रान पाण्यातून चाललं. खुरांचा कटकट कटकट आवाज, जशी शंभर म्हाताऱ्यांनी एकाच वेळी बोटं मोडावी. पिल्लं आयांच्या मागे नाकं वर काढून पोहत होती. एक पिल्लू चुकून नावेच्या कडेशी आलं, ड्वेनच्या गुडघ्याला नाक लावून त्याला हुंगलं, शिंकलं आणि निघून गेलं. ड्वेन हलला नाही. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं ते नदीचं नव्हतं. त्याने वर्नाकडे पाहिलं आणि हळूहळू, दोन्ही भुवया जितक्या वर जातील तितक्या वर नेल्या. काही विचारलं नव्हतं कोणी. तरी तो हो म्हणाला.

कळप ओसरेपर्यंत वर्ना तशीच उभी राहिली. शेवटचं लंगडं कॅरिबू झुडपांत शिरलं तेव्हा तिने तोंडावरून हात फिरवला आणि हात लाल झाला.

नाव गोट्यांवरून ओढून काढताना सगळे एकदम बोलत होते. ड्वेन म्हणाला, "चूक माझी. जाळी हलली तर मी भुवया समजलो."

"माझी," वर्ना म्हणाली. "तोंड झाकून कोणी बोलतं का?"

रात्र होत नाही त्या दिवसांत, पण झोपून उठले तेव्हा वर्नाचं तोंड ओळखू येत नव्हतं. पहिली किंचाळली ट्रूडी. कपाळ कणकेच्या गोळ्यासारखं फुगलेलं, डोळ्यांच्या जागी दोन चिरा, नाक या गालापासून त्या गालापर्यंत.

"दुखतंय का?" ड्वेनने विचारलं.

वर्नाने भुवया वर करायला घेतल्या. हलेनात. नाक आक्रसून पाहिलं. तेही हलेना. सगळे तिच्याकडे बघत उभे, आणि तिच्या तोंडावर उत्तर उमटेना. चूल धुमसत होती, कॉफी उतू चालली होती. शेवटी वर्ना म्हणाली, "नाही. खाजतंय. कॉफी उतरवा, करपेल. आणि माझ्याकडे असं बघू नका, मी काय सील आहे काय?"

मग हसण्याचा असा गदारोळ उठला की समोरच्या काठावरची बदकं उडाली.

सूज उतरेपर्यंत बोलण्यावाचून सुटका नव्हती. आधी लागेल तेवढं, "मीठ द्या", "नाव सरळ धरा". मग मार्लिसने विचारलं, "लहानपणापासूनच अशी का गं तू?" हे काही एका शब्दात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून वर्नाला मास्तरची गोष्ट सांगावी लागली. मास्तरानंतर वेंडेलची. "अगं, तो जाळी ओढायला चल म्हणत होता?" ट्रूडी पोट धरून म्हणाली. "आणि तू मुलं काढलीस!" मग म्हातारी सिकस्रिक निघाली, जी माशांना रागवायची: "मेल्या, काटे बाहेर ठेवून आला असतास तर काय झालं असतं!" तिचं बोलणं वर्नाने लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेलं, पण ते आपल्या जिभेवर इतकं नीट बसेल हे तिलाही ठाऊक नव्हतं. लॉइस समोर बसून तिच्या सुजलेल्या ओठांकडे बघत एकेक शब्द गोळा करत होती. एका वळणाला वर्नाने गोदामाचंही सांगून टाकलं. "खिडकी नाही," ती म्हणाली. "नदीचा वाससुद्धा येत नाही. नुसतं रबर."

इकडे पाहुण्यांना उलटी सवय लागली. जाळ्या सगळ्यांनी टोपीवरच टाकलेल्या, आणि मागच्या नावेत तिघांचं सगळं भुवयांवर चाललेलं. दोन दिवसांनी वर्नाची सूज उतरली. भुवया हलायला लागल्या. पण तोवर ती वेंडेलच्या कुत्र्यांच्या गोष्टीत अर्ध्यावर होती, आणि अर्धी गोष्ट सोडणं काही बरं नव्हे.

खालच्या पट्ट्यावर ग्रेडीचं विमान उतरलं तेव्हा चौघं रांगेत बसून वर्नाच्या हातचं अकुतुक खात होते, कॅरिबूची चरबी फेटून त्यात गेल्या साली वेचलेली बेरी घातलेलं. पहिल्या दिवशी ड्वेन त्याला हात लावत नव्हता. आता भांड्याचा तळ त्याच्याच मांडीवर होता.

ग्रेडी हात चोळत आला. "काय मंडळी! कशी झाली सहल?"

चार जोड्या भुवया वर गेल्या.

ग्रेडी थांबला. "म्हणजे? बरी नाही झाली?"

चार नाकं आक्रसली.

"वर्ना बोलली का तुमच्याशी?"

भुवया.

"काही तक्रार?"

नाकं.

ग्रेडीने घाम पुसला. "अरे, तुम्हाला सगळ्यांना झालंय काय? कोणी बोलेल का माझ्याशी?"

"काही झालेलं नाही त्यांना," वर्ना म्हणाली. "तू आधी बस. असा उभा राहून विचारलंस की माणसाला घाबरायला होतं. चहा घे. कप धुतलेला आहे, बघू नकोस त्यात. वाटेत काय झालं सांगते, पण शेवटाकडून सांगू की सुरुवातीपासून? शेवटाकडून सांगितलं तर तुला माझं तोंड कसं फुगलं होतं ते कळणार नाही, आणि तीच तर मजा आहे."

ग्रेडीच्या हातातला कप तसाच राहिला. त्याने वर्नाकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, पुन्हा वर्नाकडे.

लॉइस उठून त्याच्या पुढ्यात आली. त्याचा चेहरा नीट दिसेल अशी उभी राहिली. "आम्ही पुढच्या उन्हाळ्यात परत येतोय," ती म्हणाली. "माझी बहीणही येईल. वाटाड्या वर्नाच असणार ना?"

खरं तर ग्रेडी नुसता चकित झाला होता. परत येणारे पाहुणे त्याने आजवर पाहिले नव्हते. त्याच्या भुवया आपोआप वर गेल्या.

"हो म्हणाला!" ड्वेन ओरडला. ट्रूडी आणि मार्लिसने भांडी वाजवली. "सगळ्यांनी पाहिलं! हो म्हणाला!"

"अहो, मी तर अजून काहीच..." ग्रेडी म्हणायला लागला.

पण आपल्याकडे एकदा वर गेलेल्या भुवया परत घेता येत नाहीत. वर्नाने त्याच्या कपात चहा ओतला आणि गोष्ट सुरुवातीपासून सुरू केली.

घरी पोचली तेव्हाही ती तेच सांगत होती. लेनोरा आना मासे चिरत ऐकत बसली. डोंगर, अस्वल, जाळी, कॅरिबू. मासे संपले, भांडी संपली, आना पांघरुणात शिरली तरी वर्ना पिल्लाच्या शिंकेवरच होती.

"सिकस्रिक," आना पांघरुणातून म्हणाली, "नदीपलीकडच्यांनाही थोडं ठेव गं."

वर्ना थांबली. अंधार नव्हताच, खिडकीतून नदी चमकत होती. "आई, तू झोपलीस का?" तिने विचारलं.

आनाने एक डोळा उघडून नाक आक्रसलं.